कार्ड बघा, पाय बघू नका : फोंड्यातल्या एका संकुलाच्या कमिटीला खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, कमिटी मेंबर, आणि आम्ही दिव्यांगांची जागा लाटली म्हणणारा तो व्हिडिओ ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवला ते सगळे,

नमस्कार.

तुमच्या संकुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, आणि जे तुमच्याकडे झालं ते पणजीत होतं, म्हापशात होतं, मडगावात होतं, आमच्या दिव्यांगांच्या आणि पालकांच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे असा एकतरी प्रसंग आहे. मी आधी तुमच्या ऑफिसात दोनदा अर्ज दिला. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही, आणि उत्तर तर कशाचंच नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर तुम्ही दिव्यांग पार्किंगचा बोर्ड बदललात. आधी नुसतं व्हीलचेअरचं चित्र होतं, आता त्याच्याखाली लाल अक्षरात लिहिलंय, "फक्त व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी. इतरांना 500 रुपये दंड." दोन्ही जागांना साखळी घातली आणि चावी वॉचमनकडे दिली. हा बोर्ड आमच्या गाडीमुळे बदलला हे मला वॉचमननेच सांगितलं, मान खाली घालून सांगितलं, त्याच्यावर माझा काही राग नाही.

आमची गाडी म्हणजे जुनी पांढरी मारुती, दर गुरुवारी चार वाजता येणारी. आम्ही वाळपईच्या पुढे राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तुमच्या दुसऱ्या मजल्यावर त्याची थेरपी असते, गेली तीन वर्षं. त्याला ऑटिझम आहे आणि सोबत बौद्धिक अक्षमता. त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांगांसाठीचं ओळखपत्र, आहे, 65 टक्के अपंगत्वाचं, पिवळ्या पट्टीचं. त्याचं नाव लिहीत नाही कारण तो व्हिडिओ अजून फिरतोय. दिसायला तो अगदी चारचौघांसारखा आहे, उंच, सडपातळ, केस दाट, लोक म्हणतात काय गोड दिसतो. धावतो तर असा की मला पकडता येत नाही. आणि नेमकं त्यामुळेच आम्हाला दाराजवळची जागा लागते, हे मला तुम्हाला समजावून सांगायचंय, कारण तुमच्या बोर्डने असं धरून चाललंय की ज्याला चालता येतं त्याला पार्किंगचा काय त्रास.

त्या दिवशी काय झालं ते आधी सांगते, कारण व्हिडिओत फक्त शेवटची चाळीस सेकंदं आहेत.

चवथीच्या आधीचा गुरुवार होता, खाली सुपरमार्केटमध्ये ही गर्दी, पाऊस पडत होता, बाहेर रस्त्यावर गाड्या अडकलेल्या आणि सगळे हॉर्न वाजवतायत. आम्ही दोन निळ्या जागांपैकी एका जागेत गाडी लावली. काचेवर आतून आम्ही कार्डाची झेरॉक्स लॅमिनेट करून लावतो, ती होती. आता उतरायचं कसं ते बघा, कारण हे कोणी बघत नाही. इंजिन बंद केलं की दोन मिनिटं काहीच करायचं नाही, त्याला कळू द्यायचं की गाडी थांबली. मग कानावर हेडफोन. मग मी माझ्या बाजूने उतरून मागे येते, त्याच्या बाजूचं दार पूर्ण उघडते आणि त्या दाराच्या आणि गाडीच्या मध्ये स्वतः उभी राहते, म्हणजे त्याला निसटायला फट राहत नाही. माझी मोठी मुलगी पलीकडून उतरून पुढे उभी राहते. मग दहापर्यंत आकडे म्हणायचे, सावकाश. दहा झाले की त्याचा हात धरायचा, बोटं धरायची नाहीत, मनगट धरायचं, कारण बोटं घामाने सुटतात. आणि मग दारापर्यंत वीस-बावीस पावलं.

त्या दिवशी सात म्हणून होतायत तोवर बाजूच्या एका गाडीने रिव्हर्स घेतला आणि तो टी टी टी आवाज सुरू झाला. त्याने हेडफोन ओढून काढले, दोन्ही हातांनी कान दाबले, आणि माझ्या काखेखालून निघाला. तुमच्या संकुलाच्या कोपऱ्यात वरच्या एसीचं पाणी टपटपतं ना, तिकडे. त्याला ते पाणी फार आवडतं, घाबरला की तिकडेच जातो. मुलीने पुढून अडवलं म्हणून, नाहीतर मध्ये टेम्पो वळत होता.

हे सगळं एक बाई बघत होत्या. त्या फोनवर शूट करत होत्या हे मला नंतर कळलं. त्यांना दिसलं ते एवढंच की दिव्यांगांच्या जागेत गाडी लागली, त्यातून एक धडधाकट मुलगा उतरला आणि पळत सुटला. त्या जवळ आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "चलो तर बरो धांवता, ताका कितें जालां?" म्हणजे मुलगा तर चांगला धावतोय, त्याला काय झालंय? मी म्हटलं, "बाई, त्याला ऑटिझम आहे, काचेवर कार्ड आहे बघा." त्या म्हणाल्या आजकाल सगळ्यांकडे सर्टिफिकेटं असतात. तोवर तीन-चार माणसं जमली. वॉचमन आला, त्याने विचारलं व्हीलचेअर खंय आसा. मी एका हाताने मुलाचं मनगट धरलेलं, दुसऱ्या हाताने पर्समधलं ओरिजिनल कार्ड शोधतेय, पाऊस पडतोय, मुलगा खाली बसून डोकं गुडघ्यात घालून किंचाळतोय आणि माझी तेरा वर्षांची मुलगी सगळ्यांना सांगतेय की प्लीज लांब व्हा, प्लीज आवाज करू नका. व्हिडिओ तिथे सुरू होतो. त्याच्याखाली लिहिलं होतं, "बघा गोंयकारांनो, दिव्यांगांच्या जागा अशा लाटतात."

दुसऱ्या दिवशी मुलीच्या वर्गातल्या कोणाच्या तरी आईच्या ग्रुपवर तो आला आणि तिथून तिच्यापर्यंत. ती मला काही बोलली नाही. पुढच्या गुरुवारी फक्त म्हणाली, आई, मी आज येत नाही.

आता माझं म्हणणं एकेक करून मांडते.

पहिलं म्हणजे तुमच्या बोर्डवरचं वाक्यच चुकीचं आहे. दिव्यांग म्हणजे व्हीलचेअर असं आपल्या देशाचा कायदा म्हणत नाही. 1995 चा जो जुना कायदा होता त्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझमचं वेगळं नावही नव्हतं. मग दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आला, 19 एप्रिल 2017 पासून तो लागू आहे आणि त्यात 21 प्रकार आहेत. ऑटिझम आहे, बौद्धिक अक्षमता आहे, मानसिक आजार आहे, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन आहे, कमी ऐकू येणं आहे. ही यादी नीट वाचली तर लक्षात येतं की यातल्या कितीतरी गोष्टी लांबून बघून ओळखूच येत नाहीत. ते निळं चित्र 1968 मध्ये डेन्मार्कच्या एका डिझाइन शिकणाऱ्या मुलीने, सुझान कोफोडने काढलं, पुढे ते जगभर गेलं. ती खूण आहे, सोय कोणासाठी आहे हे पटकन कळावं म्हणून. ज्याच्याकडे ती खुर्ची नाही तो त्यात बसत नाही असा तिचा अर्थ तुम्ही लावलात.

आमच्या ग्रुपमधली माणसं सांगते म्हणजे समजेल. एकीचा मुलगा कॉलेजला आहे, हिमोफिलिया आहे त्याला, रक्त लवकर थांबत नाही एवढंच लोकांना माहीत असतं, पण त्याचा खरा त्रास गुडघ्याचा, सांध्यात आतल्या आत रक्त उतरतं. त्या दिवसांत दोनशे मीटर चालला की गुडघा नारळाएवढा होतो आणि मग आठवडाभर अंथरूण. चांगला दिवस असेल तर तुमच्या-आमच्यासारखा चालतो. एक शिक्षिका आहेत, त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सकाळी नीट असतात आणि उन्हात गेल्या की पाय ऐकत नाहीत, या आजाराला उष्णता सोसत नाही, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. त्या जाताना चालत जातात आणि येताना भिंतीला धरून येतात. त्यांना जाताना बघणारा म्हणतो नाटक आहे. एक काका आहेत, पार्किन्सनचे, चालता चालता मध्येच त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पुढे टाकायचा म्हटला तरी टाकता येत नाही, मागून गाडी हॉर्न देते तेव्हा तर मुळीच नाही. यातल्या एकाकडेही व्हीलचेअर नाही. यांनी कुठे लावायची गाडी?

दुसरं, आणि हे माझ्या मुलासारख्यांचं. लोकांना वाटतं जवळची जागा म्हणजे चालायचे कष्ट वाचवणं. आमच्यासाठी ती जिवाची गोष्ट आहे. ऑटिझम असलेल्या कितीतरी मुलांना धोका कळत नाही, म्हणजे टेम्पो येतोय हे दिसतं पण त्याचं पुढे काय होईल हे जुळत नाही. त्यात आवाज. तुम्हाला जो हॉर्न नुसता हॉर्न आहे तो त्याला कानात खिळा ठोकल्यासारखा लागतो, आणि मग तो पळतो, पळताना बघत नाही. बोर्ड बदलल्यावर वॉचमन आम्हाला रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत गाडी लावायला सांगतो. तिथून मेन रोड ओलांडायचा, मग चढ, मग तुमच्या गेटमधून आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या मधून यायचं. पहिल्याच दिवशी तो रस्त्याच्या मधोमध बसला. मी त्याच्यावर वाकून उभी, दोन्ही बाजूंनी गाड्या थांबलेल्या, मागचे हॉर्न मारतायत, आणि प्रत्येक हॉर्नला तो आणखी घट्ट होतोय. माझ्या कोपराला अजून खूण आहे. एका उसाच्या रसवाल्याने गाडा सोडून येऊन वाहनं थांबवली. त्यानंतरच्या दोन गुरुवारी आम्ही थेरपीला गेलोच नाही. तीन वर्षं लागली त्याला त्या जिन्याची, त्या खोलीची, त्या मॅडमची सवय व्हायला.

कोणी म्हणेल मग बसने या. सुरुवातीचं वर्ष आम्ही कदंबानेच येत होतो. कंडक्टरची शिटी, दरवाजाचा धडाका, उभ्या माणसांचे धक्के, उसगावपर्यंत पोचेपर्यंत त्याने स्वतःचा हात चावून रक्त काढलेलं असायचं. गाडी आम्ही कर्ज काढून घेतली ती यासाठी.

तिसरं. ज्या जागांना तुम्ही साखळी लावलीत त्या मुळात नीट आहेत का ते एकदा खाली येऊन बघा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही जागा 3.6 मीटर रुंद असावी आणि प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत असावी असं आहे. साधी जागा अडीच मीटरची असते. वरचा एक मीटरहून थोडा जास्त कशाला, तर दार पूर्ण उघडून खुर्ची बाजूला लावता यावी, माणसाला उचलून काढता यावं, आणि आमच्यासारख्यांना दारात उभं राहता यावं म्हणून. तुमच्याकडे त्या तिरक्या पिवळ्या पट्ट्या आखल्यात, चांगलं केलंत, पण त्यावर रोज चार-पाच स्कूटर उभ्या असतात, सुपरमार्केटच्या रिकाम्या क्रेट असतात, चवथीला तर तिथे केळीचे घड आणि गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीचं सामान विकायला ठेवलं होतं. व्हीलचेअरवाला खरोखर आला तर तोही उतरू शकणार नाही. आणि वॉचमन जेवायला गेला की साखळीची चावी त्याच्या खिशात जाते. म्हणजे ज्यांच्यासाठी जागा राखली असं तुम्ही म्हणता त्यांनाही ती मिळत नाही. त्या स्कूटरवाल्यांना 500 रुपये दंड झालेला मी तीन वर्षांत बघितला नाही.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी यांच्या केसमध्ये निकाल दिला. त्यात कोर्टाने म्हटलं की दिव्यांगांना जाता-येता येईल अशी सोय करणं हे नुसत्या सूचनांवर सोडता येणार नाही, जे किमान आहे ते बंधनकारक करा. असे निकाल रतुरींसारख्या लोकांनी वर्षानुवर्षं कोर्टात लढून मिळवलेत, रतुरी स्वतः अंध आहेत. तुमच्या कमिटीत एक वकील आहेत असं ऐकलंय, त्यांनी हा निकाल वाचून बाकीच्यांना सांगावा ही विनंती.

चौथं व्हिडिओचं. ज्या बाईंनी तो काढला त्यांच्या मनात काय होतं ते मी समजू शकते, खरंच समजू शकते. आपल्याकडे वीकेंडला, नाताळात, पार्किंगचे काय हाल असतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि निळ्या जागेत बिनधास्त गाडी ठोकून खरेदीला जाणारे कितीतरी आहेत. मलाही त्यांचा राग येतो, कारण त्यांनी अडवलेली जागा माझीच असते. कोणीतरी उठून बोलतं हे मी चांगलंच मानते. पण त्यांनी काच बघितली असती तर कार्ड दिसलं असतं. आणि मी ऑटिझम म्हटल्यावर जे झालं ते रागाच्या पलीकडचं होतं. माझ्या मुलाला काय झालंय याची कहाणी मी भर पावसात चार अनोळखी माणसांना का सांगायची? तीही त्याच्या समोर? लोकांना वाटतं त्याला कळत नाही. त्याला कळतं.

त्याची एक गोष्ट आहे, तो स्वतःहून फार कमी बोलतो पण ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो, त्याच आवाजात, त्याच सुरात. टीव्हीवरची जाहिरात, आजीची हाक, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा पों पों. त्या गुरुवारपासून तो म्हणतोय, "ताका कितें जालां? ताका कितें जालां?" जेवताना, आंघोळ करताना, रात्री अडीचला उठून. त्या बाईंच्याच आवाजात, शेवटचा शब्द तसाच ओढून. पहिल्या रात्री माझ्या सासूबाई देवापुढे बसून रडल्या.

कायद्याच्या कलम 92 प्रमाणे दिव्यांग माणसाचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मला कोणावर केस घालायची नाही. आमच्यातल्या काहीजणांनी घाल म्हणून सांगितलं, पण मला त्या बाईंना कोर्टात उभं करून काय मिळणार, मला गुरुवारी चार वाजता मुलाला वर न्यायचंय.

आता एक गोष्ट जी व्हीलचेअर वापरणाऱ्या आमच्या मित्रांसाठी मला इथे स्पष्ट लिहायची आहे, कारण तुमच्या एका मेंबरनी तोंडी सांगितलं की आम्ही त्यांच्याच भल्यासाठी हा नियम केला. त्यांचा हक्क आमच्यापेक्षा कमी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. रुंद जागा नसेल तर त्यांना उतरताच येत नाही. म्हणून आम्ही घरात एक नियम पाळतो, मुलगा गाडीत नसेल तर त्या जागेत गाडी लावायची नाही, पाऊस असो, उशीर असो, माझे मिस्टर एकटे औषध आणायला आले तरी ते पलीकडे लावून चालत येतात. आणि मुलाला वर पोचवल्यावर कोणी खुर्चीवाले आले आणि दोन्ही जागा भरलेल्या असतील तर माझा फोन नंबर काचेवर आहे, मी खाली येऊन गाडी काढते, असं दोनदा केलंय. त्यातले एक गृहस्थ आता ओळखीचे झालेत, बोर्ड बदलल्याचं कळल्यावर त्यांनीच मला सांगितलं की माझं नाव पुढे करून दुसऱ्याची जागा काढून घेऊ नका असं त्यांना कळव. ते मी कळवतेय.

इंग्लंडमध्ये ब्ल्यू बॅज म्हणून पार्किंगचं कार्ड असतं, ते गाडीच्या नावावर नसतं, माणसाच्या नावावर असतं, त्या माणसाला ज्या गाडीतून नेलं तिच्यात ते ठेवायचं. 30 ऑगस्ट 2019 पासून तिथे हे कार्ड न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही मिळायला लागलं, ऑटिझम धरून. आणि दुसऱ्याचं कार्ड वापरून जागा अडवली तर तिथे हजार पौंडापर्यंत दंड आहे. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या त्यांनी, खऱ्याला द्या आणि खोट्याला पकडा. आपल्याकडे तसं देशभर चालणारं पार्किंगचं कार्ड नाही, म्हणून आम्ही झेरॉक्स लॅमिनेट करून काचेला चिकटवतो आणि कोणीही येऊन म्हणतं हे काय खरं कशावरून.

आणि आपल्या गोव्याला हे अवघड आहे असं मला अजिबात वाटत नाही. 2023 च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा आम्ही गेलो होतो, घाबरत घाबरत, अर्ध्या तासात परत यायचं ठरवून. तिथे माझा मुलगा कान दाबून जमिनीवर बसला तर एक स्वयंसेवक मुलगी काही न विचारता त्याच्यापासून थोड्या अंतरावर नुसती बसली, लोकांना हाताने बाजूने जायला सांगत. तो शांत झाल्यावर उठून गेली. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. तेव्हापासून मी लोकांना सांगायचे की आपलं गोवा वेगळं आहे. मला ते अजून म्हणता यावं असं वाटतं.

तर माझ्या मागण्या, सरळ सांगते.

बोर्डवरची ती लाल ओळ काढा. त्या जागी लिहा की ही जागा दिव्यांग व्यक्तींसाठी आहे, अपंगत्व दिसणारं असो वा न दिसणारं, यूडीआयडी कार्ड काचेवर लावा. मराठीत आणि कोंकणीत दोन्हीत लिहा, इंग्रजीतही लिहा, बाहेरगावचे लोक येतात.

वॉचमनला एवढंच शिकवा की गाडीजवळ जाऊन, काचेशी, हळू आवाजात कार्ड बघायला मागायचं. कार्ड असेल तर विषय संपला. काय झालंय, कधीपासून झालंय, चालता येतं का, हे विचारायचं नाही. कार्ड नसेल तर कोणीही असो, मग तो तुमच्या कमिटीचा मेंबर असो, गाडी काढायला सांगायची.

पट्ट्यांवरच्या स्कूटर आणि क्रेट हलवा, आणि तिथे दंडाचा नियम लावा. साखळी ठेवायची तर चावी कायम गेटवर हवी.

दाराजवळ आणखी एक साधी जागा, रुंद नसली तरी चालेल, ज्यांना खुर्ची नाही पण लांब चालवत नाही अशांसाठी ठेवा. तुमच्याकडे वर तीन दवाखाने आहेत, हृदयाचे पेशंट येतात, डायलिसिसवाले येतात, ते तर कायद्याच्या 21 मध्येही बसत नाहीत. अध्यक्षांच्या गाडीसाठी दाराला लागून जी जागा राखीव आहे तिचा विचार करावा.

व्हिडिओ ज्या ग्रुपवर आहे तिथल्या अ‍ॅडमिननी तो काढावा. एका अल्पवयीन मुलाचा चेहरा आहे त्यात आणि दुसऱ्या एका अल्पवयीन मुलीचा रडका आवाज आहे. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी निदान त्याच ग्रुपवर एवढं लिहावं की त्या मुलाला ऑटिझम आहे आणि गाडीवर कार्ड होतं.

आणि सरकारला, पालिकांना मागणी ही की यूडीआयडीला जोडलेलं, काचेवर लावायचं, माणसाच्या नावाचं पार्किंग कार्ड गोव्यात सुरू करा, क्यूआर कोड लावा म्हणजे खरं-खोटं जागच्या जागी कळेल. गोवा छोटं राज्य आहे, इथे सुरू करणं सोपं आहे.

थेरपीच्या मॅडमनी आमची गुरुवारची चारची वेळ अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. दिवाळीपर्यंत थांबते म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी आम्ही येणार आहोत, कार्ड काचेवर असेल, ओरिजिनल माझ्या हातात असेल. मुलगी पण येते म्हणालीय. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर चारला पाच कमी असताना खाली या, फक्त आवाज न करता उभे राहा, आणि दहा आकडे म्हणून होईपर्यंत थांबा.

तुमची नम्र,
एका मुलाची आई,
सत्तरी